कड कापायची राहिली

ती गेल्याची बातमी आली तेव्हा माझे दात कार्पेटमध्ये रुतलेले होते.

एका मोठ्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर सभागृहाचे काम चालू होते. तो माझ्यामागे गुडघे टेकून बसला होता. एक कोपरा ताणून झाला होता, दुसरा व्हायचा होता. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्याने एका हाताने मला धरून ठेवले आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला. पलीकडून त्याचा मेहुणा बोलत होता, तिचा धाकटा भाऊ. बोलत होता म्हणण्यापेक्षा रडत होता.

"अरे, पण ती चालत गेली ना?" तो म्हणाला. "चपला घालून, स्वतःच्या पायांनी गेली ना माझ्यासमोरून?"

पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. माझ्यावरचा त्याचा हात सुटला. तो उठला आणि तसाच बाहेर गेला. दिवे चालू राहिले. कार्पेट अर्धे ताणलेले राहिले. मी जिथे होतो तिथेच राहिलो.

मित्रांनो, मी कार्पेट ताणायचे एक जुने अवजार आहे. तुम्ही मला पाहिले नसेल, पण माझे काम नक्की पाहिले असेल. मोठ्या कचेऱ्यांत, हॉटेलांत, सभागृहांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट असते. ते सतरंजीसारखे नुसते अंथरलेले नसते. आधी भिंतींच्या कडेने लाकडाची बारीक पट्टी ठोकतात. त्या पट्टीतून बारीक खिळे तोंड वर करून बघत असतात. मग कार्पेट ताणायचे आणि त्या खिळ्यांवर अडकवायचे. नीट अडकले की त्यावरून कितीही माणसे चालू देत, खुर्च्या ओढू देत, ते जागचे हलत नाही.

हे ताणणे माझ्याकडे. माझ्या एका टोकाला लोखंडी डोके आहे आणि डोक्याखाली दात आहेत. मध्ये नळीची मान आहे. दुसऱ्या टोकाला जाड गादी आहे. कारागीर माझे दात कार्पेटमध्ये रोवतो आणि गादीवर पायाने धडक देतो. ती धडक खरे तर गुडघ्याच्या जरा वर, मांडीला लागली पाहिजे. पण काम घाईचे असले की ती गुडघ्यालाच लागते. म्हणून या धंद्यातल्या माणसांना जिना उतरताना पाहिले की लगेच ओळखता येते.

कामावरची माणसे मला किकर म्हणतात. ती मला मेंढा म्हणायची. "अहो, तुमचा मेंढा उचला वाटेतून. मला ढुशी देईल." असे ती रोज एकदा तरी म्हणायची, आणि तो रोज हसायचा.

माझा जन्म कारखान्यातला. तिथले मला फारसे आठवत नाही. मला आठवते ते दुकान. फळीवर हातोड्या आणि करवती यांच्यामध्ये मी धूळ खात पडलो होतो. एके दिवशी हे दोघे आले. लग्न नुकतेच झाले असावे, कारण दोघेही एकमेकांशी बोलताना दुकानदाराकडे बघत होते. तो तोवर दुसऱ्यांची अवजारे मागून काम करायचा. त्याने मला हातात घेतले, उलटसुलट केले, दातांवरून बोट फिरवले.

"मला बघू द्या," ती म्हणाली आणि सरळ जमिनीवर बसली. दुकानात पायपुसणे होते. तिने माझे दात त्यात रोवले आणि गादीला अशी धडक दिली की पायपुसणे, मी आणि ती, तिघेही गल्ल्याखाली गेलो.

"वहिनी, जरा बेताने," दुकानदार म्हणाला. "दुकान शेजाऱ्याच्या हद्दीत जाईल."

"घ्या हाच," ती तिथूनच म्हणाली. "दमदार आहे."

अशी माझी निवड झाली.

सुरुवातीला तो एकटाच कामाला यायचा. एकदा तो डबा विसरला म्हणून ती डबा घेऊन आली. तो जेवत होता तेव्हा ती पसरलेल्या कार्पेटवर बसून हात फिरवत होती. "अहो, हे इकडून मऊ लागतंय नि तिकडून खरखरीत," ती म्हणाली. मित्रांनो, मांजराच्या पाठीवरून हात फिरवून पाहा. एका बाजूने केस बसतात, दुसऱ्या बाजूने उभे राहतात. कार्पेटचेही तसेच असते. त्या केसांना लव म्हणतात. मोठ्या खोलीत कार्पेटचे अनेक पट्टे शेजारी शेजारी जोडावे लागतात. सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला हवी. एक पट्टा जरी उलटा बसला तरी तो दारातून वेगळ्याच रंगाचा दिसतो. हे त्यालाही ठाऊक होते. पण दोऱ्या आणि पाती धरून त्याच्या तळहाताला घट्टे पडले होते. हाताला लव कळायची नाही. तो वाकून, डोळे बारीक करून, उजेडाकडे बघून अंदाज बांधायचा.

त्या दिवसापासून लव बघायचे काम तिच्याकडे गेले. ती डोळे मिटून पट्ट्यावरून हात फिरवायची, मग पट्टा उलटा करून पाठीवर खडूने एक बाण काढायची. बाण ज्या दिशेला, लव त्या दिशेला. जोडांवर गरम इस्त्री फिरवून ते चिकटवणेही ती करू लागली. ताणणे आणि कापणे त्याच्याकडे राहिले. एकदा एका हॉटेलचा मॅनेजर काम बघायला आला आणि वाकून वाकून जोड शोधू लागला.

"बाई, जोड कुठे आहे?"

"सापडला तर आम्हालाही दाखवा," ती म्हणाली. "मघापासून मीही शोधतेय."

त्या दिवशी तो घरी जाताना मला खांद्यावर टाकून शीळ वाजवत होता.

त्या दोघांची एक रीत होती. कार्पेट चारही बाजूंनी ताणून झाले की भिंतीलगत त्याची जास्तीची कड वर उभी राहते. ती पात्याने कापून आत खोचायची असते. ती एकदा कापली की मग काही बदलता येत नाही. म्हणून कापायच्या आधी ती चपला काढायची आणि अनवाणी सगळ्या खोलीभर चालायची. कुठे सैल राहिले असेल तर तिच्या तळपायाला कळायचे.

"इथे पोट सुटलंय."

"कुणाचं?"

"कार्पेटचं. तुमचं घरी गेल्यावर बघू."

मग मी पुन्हा धडका द्यायचो. ती पुन्हा चालायची. शेवटी मधोमध उभी राहून म्हणायची, "बसलं." तो शब्द ऐकल्याशिवाय त्याने कधी पात्याला हात लावला नाही. तिला ताप होता तेव्हा त्याने कड न कापता खोली तशीच ठेवली होती. ती बरी होऊन आली, चालली, मग त्याने कड कापली.

माझे दिवस सगळेच काही चांगले नव्हते. पुढे चौकोनी तुकड्यांची कार्पेट आली. ती गोंदाने चिकटवतात, ताणावी लागत नाहीत. मग मी पेटीतच पडून राहू लागलो. माझी गादी फाटली. तो म्हणाला, "आता हा काय कामाचा." तिने मात्र त्याची एक जुनी जाड पँट फाडली आणि माझ्या गादीला नवी खोळ शिवली, आत जुने लोकरी कापड भरले. "मेंढ्याचं काय अडलंय? तुमचा गुडघा सुजतो, त्यासाठी करतेय," असे ती त्याला म्हणाली. पण दर थोड्या दिवसांनी ती मला पेटीतून काढून दातांना तेल लावायची, हे मला माहीत आहे. त्या खोळीवर तिचे टाके अजून आहेत. एक टाका लांब, एक आखूड. शिवणकाम तिला यायचे नाही.

म्हणून सभागृहाचे काम आले तेव्हा मला फार आनंद झाला होता. तिथे ताणूनच कार्पेट बसवायचे होते. इमारतीच्या मालकाचे मत वेगळे होते. चौकोनी तुकडे लवकर होतात, तेच चिकटवा, असे तो म्हणत होता. पण तिथल्या सुपरवायझरने या दोघांचे काम पूर्वी पाहिले होते. त्याने मालकाला गळ घातली होती.

त्या दिवशी मेहुणाही मदतीला आला होता. शेवटचा पट्टा सोडून बाकी सगळे पट्टे जोडून झाले होते. ती शेवटच्या पट्ट्याची लव बघून त्याच्या पाठीवर बाण काढत होती. मी जवळच पडलो होतो. खडू कर्रकन ओढल्याचा आवाज आला, मग थांबला. ती छातीवर हात ठेवून बसली होती. त्याने लगेच पाणी आणून दिले.

"काही नाही हो. सकाळी घाईत खाल्लं ना, ते वर आलंय."

"डॉक्टरकडे जाऊन ये. याला घेऊन जा बरोबर."

"एवढा पट्टा टाकू, मग जाते."

"पट्टा कुठे पळून जातोय? जा आधी."

मेहुण्याने तो पट्टा गुंडाळून भिंतीला उभा केला. तिने खडू माझ्याशेजारच्या पेटीत ठेवला. चपला पायात सरकवताना ती म्हणाली, "या भिंतीकडचं ताणून ठेवा. आले की चालून बघते."

मित्रांनो, पुढचे तुम्हाला माहीत आहे.

नंतर सभागृहाला कुलूप होते. मी तिथेच होतो, दात कार्पेटमध्ये रुतवून. माणसे नसलेली मोठी खोली कशी असते ते मला तेव्हा कळले. कुलूप उघडले तेव्हा सुपरवायझर पुढे होता आणि मागे तो आणि मेहुणा. तो इतका वाळला होता की कमरेच्या पट्ट्याला नवे भोक पाडलेले दिसत होते.

"मिस्त्री, मला वाईट वाटतं सांगायला," सुपरवायझर म्हणाला. "पण मालक रोज विचारतायत. नाही होणार म्हणालात तर ते दुसरी माणसं आणतील. ती माणसं हे सगळं फाडून टाकतील नि तुकडे चिकटवतील."

त्याने खोलीभर पसरलेल्या कार्पेटकडे पाहिले. त्यातला प्रत्येक जोड तिच्या इस्त्रीखालचा होता.

"हे नाही फाडायचं," तो म्हणाला. "मी करतो पुरं."

मग तो माझ्याजवळ आला आणि त्याने मला सोडवले. दात निघताना कार्पेटची लव थोडी उपटली गेली. ती त्याने बोटाने बसवली.

त्या भिंतीकडचे ताणून झाले. मग शेवटचा पट्टा. त्याने तो गुंडाळलेला पट्टा आणला आणि सरळ जागेवर उलगडला.

"दाजी, बाण बघितला का?" मेहुण्याने विचारले.

"बघितला."

त्याने बघितला नव्हता. मी समोरच होतो. पट्टा उलटा करून पाठ बघायची असते. त्याने पट्टा उलटा केलाच नाही.

त्यांनी जोडाखाली चिकटपट्टी घातली, इस्त्री फिरवली, जोड दाबला. मी धडका दिल्या. पूर्वी त्याच्या धडकेला एक ताल असायचा. आता एक जोरात लागायची आणि एक नुसतीच टेकायची. तरी काम झाले. चारही बाजूंनी कड उभी राहिली. सुपरवायझरने सगळे दिवे लावले आणि तो दारात जाऊन उभा राहिला.

तिथूनच तो मान तिरकी करून बघू लागला.

"काय झालं साहेब?"

"मिस्त्री, हा शेवटचा पट्टा दुसऱ्या रोलचा आहे का?"

"नाही. त्याच रोलचा आहे."

"मग इकडे येऊन बघा."

दारातून सगळे कार्पेट निळे दिसत होते आणि शेवटचा पट्टा काळपट, ओल्या जमिनीसारखा. मेहुणा पळत पलीकडच्या भिंतीशी गेला आणि त्याने तिथून बघितले. तिथून तोच पट्टा फिकट दिसत होता.

"दाजी, लव उलटी गेली."

"मालक बघायला येतीलच," सुपरवायझर म्हणाला. "त्यांना निमित्तच हवंय. एक पट्टा दिसला की म्हणतील, सगळंच काढा. तुम्ही फिरवून घ्या. मी तोवर त्यांना खाली अडवून धरतो." आणि तो गेला.

फिरवणे जड नव्हते. जोड गरम करायचा, पट्टा सोडवायचा, उलट बाजूने टाकायचा. कड अजून कापली नव्हती, म्हणून ते जमण्यासारखे होते. पण तो दारातच खाली बसला.

"दाजी, तुम्ही बाण बघितला म्हणालात."

"नव्हता बघितला."

"मग म्हणालात कशाला?"

तो गुडघा चोळू लागला. "अरे, तिनं काढलेला तो शेवटचा आहे," तो म्हणाला. "घरात तिचं सगळं बघून झालं. डबे बघितले, कपडे बघितले, चष्मा बघितला. हा एकच राहिला होता न बघितलेला. हाही बघितला की मग काय?"

मेहुणा त्याच्या शेजारी बसला. त्याने नाक ओढले. मग म्हणाला, "ताई असती तर तुम्हाला सोडलं नसतं."

"नसतंच सोडलं."

"काय म्हणाली असती?"

"म्हणाली असती, अहो, मी काय भिंतीला दाखवायला खडू झिजवते का?"

दोघेही हसले. ते हसणे लवकरच बिघडले. मी ते ऐकत होतो आणि मला माझी मान वळवता येत असती तर मी वळवली असती.

मग तो उठला. इस्त्री तापवली. जोड हळूहळू सुटला. दोघांनी पट्टा उचलला आणि उलटा केला.

बाण होता. पांढरी सरळ रेघ होती आणि तिच्या टोकाला एका बाजूची तिरकी रेघ. दुसऱ्या बाजूची तिरकी रेघ नव्हती. ती काढायच्या आधीच खडू थांबला होता. तरी बाण कुठे जातो ते स्पष्ट कळत होते. त्यांनी पट्टा नेमका त्याच्या उलट टाकला होता.

"अर्धाच काढलाय," मेहुणा म्हणाला.

तिच्या नवऱ्याने पेटीतला खडू उचलला. मला वाटले, तो राहिलेली रेघ काढणार. त्याने खडू बाणाजवळ नेलासुद्धा. मग परत आणला आणि पेटीत ठेवून दिला. "राहू दे," तो म्हणाला. "कळतंय तेवढ्यावर."

या वेळी जोडावर इस्त्री त्याने स्वतः फिरवली. बोट भाजले. ती किती सावकाश फिरवायची ते त्याला इतकी वर्षे बघून पाठ होते, पण हाताला ते येत नव्हते. जोड झाला. तिच्यासारखा नाही झाला. वाकून शोधले तर सापडेल. मग माझी पाळी. तिने शिवलेल्या खोळीवर त्याचा गुडघा येऊन आदळत होता आणि तो दर धडकेला ओठ दातांखाली दाबत होता. पट्टा ताणला गेला, खिळ्यांवर बसला. सुपरवायझर मालकाला घेऊन आला. मालक दारात उभा राहिला, आत आला, खोलीभर फिरला, पायाने एकदोन ठिकाणी त्याने दाबून बघितले.

"ठीक आहे," मालक म्हणाला आणि गेला.

सगळे कार्पेट एका रंगाचे दिसत होते. आता ते कुणी फाडणार नव्हते.

मेहुण्याने पाते काढले. "कड मी कापतो दाजी. तुम्ही बसा."

"थांब. चालून झालेलं नाही."

मेहुण्याने बूट काढले आणि तो खोलीभर चालून आला. "मला सगळीकडे सारखंच लागतंय."

"तुला लागणारच. तू दगडावर झोपतोस नि गादी म्हणतोस."

मग त्याने स्वतःचे बूट काढले. मोजेही काढले. तो दाराकडून निघाला, भिंतीच्या कडेने गेला, तिच्या जोडांवरून गेला, शेवटच्या पट्ट्यावरून गेला आणि मधोमध येऊन उभा राहिला. ती जिथे उभी राहायची तिथेच. मेहुणा पाते हातात धरून वाट बघत होता. सुपरवायझर दारात होता. मीही वाट बघत होतो. एका शब्दाचे काम होते. त्याने तोंड उघडले आणि मिटले. परत उघडले. मग तो मान हलवत बाजूला झाला आणि बूट घालू लागला.

तीन भिंतींची कड लोकांच्या नजरेत येणारी होती. ती मेहुण्याने त्याच्याकडे बघत बघत कापली. त्याने अडवले नाही, म्हणून कापली. मागच्या भिंतीशी आल्यावर मात्र त्याने मेहुण्याचा हात धरला.

"ही नको. एवढी राहू दे."

सुपरवायझरने थोडा विचार केला. "तिथे पडदा येणार आहे," तो म्हणाला. "दिसायची नाही. होईल तेव्हा येऊन कापा, मिस्त्री."

मित्रांनो, तुम्ही मऊ कार्पेटवरून चालाल तेव्हा खाली बघा, एवढे मी तुम्हाला सांगतो. कुणाचा तरी गुडघा, कुणाचा तरी तळहात त्याखाली आहे. बुटाला चिखल असेल तर पुसून या. आणि तुमच्या घरात कुणी काम करता करता मध्येच थांबले, काही नाही म्हणाले, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. अवजाराला तेल लावले की पुरते. माणसाला विचारावे लागते. तेही एकदा विचारून भागत नाही.

मी आता त्याच्या घरी, पलंगाखाली पेटीत आहे. माझ्या शेजारी पाते आहे आणि झिजलेला खडू आहे. दातांवर गंज चढू लागला आहे. मेहुणा अधूनमधून येतो आणि विचारतो, "दाजी, जाऊन यायचं का सभागृहात?" तो म्हणतो, "जाऊ." अजून गेलेला नाही.

मागच्या भिंतीलगत, पडद्याआड, कार्पेटची कड तशीच उभी आहे. ती कापायची राहिली आहे.